शिंबीधान्यांची साल : तुष की उपयुक्त द्रव्य?

शिंबीधान्यांचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर सामान्यतः डाळच येते. साल म्हणजे डाळगिरणीत मागे उरणारी आणि चुनीबरोबर जनावरांच्या खुराकात जाणारी वस्तू, असा सर्वसाधारण समज आहे. सालीतील अँटिऑक्सिडंट घटकांची चर्चा वाढल्यापासून मात्र ती चूर्णरूपाने विकण्याचा मोह एखाद्या उत्पादकास होणे अस्वाभाविक नाही, आणि रुग्णही त्याविषयी वैद्यास विचारतात. म्हणून सालीत नेमके काय असते आणि त्यातील किती शरीरास मिळते, हे पाहणे अगत्याचे आहे.

हरभरा किंवा तूर यांच्या दाण्यात साल वजनाने साधारणतः आठव्या हिश्श्याच्या आसपास असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक-तक्त्यांत 100 ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम तंतू व 150 मिलिग्रॅम कॅल्शियम आढळते. हरभऱ्याच्या डाळीत हेच आकडे अनुक्रमे सुमारे 15 ग्रॅम व 46 मिलिग्रॅम एवढे उतरतात. मुगाचेही तसेच : तंतू 17 वरून 9 ग्रॅमवर आणि कॅल्शियम 92 वरून 43 मिलिग्रॅमवर. एवढ्या पातळ आवरणासोबत कॅल्शियमचा एवढा मोठा वाटा निघून जातो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. प्रथिने मात्र मुख्यतः डाळिंबीतच असतात. त्या दृष्टीने साल जवळजवळ रितीच.

सालीचे खरे वैशिष्ट्य तिच्यातील पॉलिफेनॉल द्रव्यांत आहे. टॅनिन व फ्लॅव्होनॉइड ही द्रव्ये दाण्याच्या अन्य भागांपेक्षा सालीत एकवटलेली असतात. मुगाच्या सालीत व्हायटेक्सिन व आयसोव्हायटेक्सिन, तर काळ्या सोयाबीनच्या सालीत सायनिडिन वर्गाचे रंगद्रव्य असते. रंग हा येथे बऱ्यापैकी विश्वासार्ह सूचक ठरतो. देशी तपकिरी हरभऱ्याच्या तुलनेने पांढऱ्या काबुली हरभऱ्याच्या सालीत ही द्रव्ये पुष्कळच कमी असतात.

परंतु परीक्षानळीतील गुण आणि शरीरातील कार्य यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे देणारी आपली सूची 2012 साली मागे घेतली. त्या आकड्यांचा मानवी शरीरावरील परिणामाशी थेट संबंध लावता येत नाही आणि उत्पादक त्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर करतात, हे त्यामागील कारण होते. आपल्या व्यवसायातील मंडळींनी ही घटना लक्षात ठेवावी. शिवाय टॅनिन आतड्यात लोहाशी संयोग पावून त्याचे शोषण घटवते. सालीत लोह असले तरी ते सर्वच रक्तास मिळते असे नाही. पांडुरोगी स्त्रीस सालीचे चूर्ण 'पौष्टिक' म्हणून देणे त्यामुळे युक्त नव्हे. तिला सालीसकट मूग द्यावयाचाच असेल तर लिंबू वा आवळा यांची जोड असावी आणि जेवणालगत चहा टाळावा.

येथे एका घाईच्या निष्कर्षापासून सावध राहावे. टॅनिन तुरट असते, म्हणून कषाय रस म्हणजेच टॅनिन, असे समीकरण अनेकदा मांडले जाते. पण उडदाची साल काळीभोर असूनही चरकाचार्यांनी माषाचा रस मधुर व गुण स्निग्ध, उष्ण असाच सांगितला आहे. रस समग्र द्रव्याचा असतो, त्याच्या एका घटकाचा नव्हे. त्याच वर्णनातील माषाचे बहुमलत्व मात्र सालीतील न विरघळणाऱ्या तंतूंशी सहज जुळते.

सुश्रुतसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात निस्तुष, किंचित भाजलेल्या व उत्तम शिजविलेल्या धान्याचे सूप लघु व हितकर मानले आहे. ज्वरानंतर, अग्निमांद्यात, ग्रहणीत, बालक व वृद्धांत हाच मार्ग योग्य. याउलट अग्नी उत्तम असलेल्या, बद्धकोष्ठाची तक्रार करणाऱ्या स्थूल वा मधुमेही रुग्णास सालीची मूगडाळ किंवा अख्खी मसूर अधिक उपकारक ठरते. मात्र आध्मानाचा सारा दोष सालीच्या माथी मारणे बरोबर नाही. वायू उत्पन्न करणाऱ्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा, तसेच फायटेटही, मुख्यतः डाळिंबीतच असतात. ते कमी करण्यास भिजविणे व मोड आणणे उपयोगी पडते.

पाककृतीचाही फरक पडतोच. भिजविलेले पाणी फेकले की त्याबरोबर पॉलिफेनॉलचाही काही भाग जातो. कोकणात कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून त्याची पिठी करतात. अख्ख्या कुळथाच्या कढणात वा काढ्यात मात्र सालीतील जलविद्राव्य द्रव्ये उतरतात. अश्मरीच्या रुग्णास 'कुळीथ घ्या' एवढेच सांगणे म्हणूनच अपुरे आहे. पिठी की कढण, हेही स्पष्ट सांगावे.

औषधालयांच्या चालकांसाठी एक व्यावहारिक मुद्दा. गिरणीतील साल पशुखाद्य म्हणून निघते. तुरीची साल सुटावी म्हणून दाण्यास तेल-पाणी चोळलेले असते. कीटकनाशकांचे अवशेष व साठवणीतील बुरशी यांचा प्रथम संपर्कही बाह्य आवरणाशीच येतो. अशा मालापासून मानवी सेवनाचे चूर्ण करू नये. साल हवीच असेल तर स्वच्छ अख्खे धान्य घेऊन ती स्वतः काढावी व बुरशीजन्य विषासाठी तपासून घ्यावी. आहारद्रव्य म्हणून ते विकावयाचे झाल्यास 2022 चे आयुर्वेद आहार नियम आधी वाचावेत. लेबलावर रोगनाशाचा दावा छापून मग परवान्याचा विचार करणे महागात पडते.