ऋण अपूर्णांकाचे वर्गमूळ

साडेतीनचा वर्ग किती, आणि त्या वर्गाचे मूळ किती, असे एक उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. साडेतीन म्हणजे ७/२. अंशाचा वर्ग ४९, छेदाचा ४. म्हणून वर्ग ४९/४. मूळ काढतानाही तीच रीत उलट चालवायची : अंशाचे मूळ वेगळे, छेदाचे वेगळे. ही रीत आपण शाळेत इतकी घोटतो की तिला काही मर्यादा असेल, अशी शंकाही येत नाही.

आता ९/१६ ऐवजी −९/१६ घ्या. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त सांगितले आहे की, ऋणसंख्या स्वभावतःच वर्ग नसते; म्हणून तिला वर्गमूळ नाही. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’तही तोच निर्वाळा दिला. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही धन. मग ऋण वर्ग यावा कोठून?

‘आपले पूर्वज येथे थांबले,’ असे पुष्कळदा म्हटले जाते. मला हे म्हणणे अर्धवट वाटते. त्यांच्यासमोर ज्या संख्या होत्या, त्यांत हे उत्तर तंतोतंत बरोबर होते आणि आजही आहे.

पुढचे पाऊल इटलीत पडले. १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल, हा प्रश्न कार्दानोने १५४५ साली मांडला. उत्तर आले ५ + √−१५ आणि ५ − √−१५. त्याला ते सूक्ष्म पण निरुपयोगी वाटले. १५७२ साली बोंबेल्लीने त्याचा उपयोग दाखवला. ज्या संख्येचा घन तिच्या १५ पटीहून ४ ने अधिक, ती संख्या ४; कारण ६४ = ६० + ४. मात्र सूत्राने ती काढू गेल्यास वाटेत √−१२१ आडवे येते. बोंबेल्लीने २ + √−१२१ चे घनमूळ २ + √−१ आणि २ − √−१२१ चे २ − √−१ असे काढले. दोहोंची बेरीज केली की कल्पित भाग नाहीसा होऊन ४ उरतात.

म्हणजे √−१ मानणे फलदायी आहे. त्याला ‘क’ म्हणू; क × क = −१. परंतु जुनी रीत येथे डोळे मिटून लावली तर काय होते पाहा. −९/१६ म्हणजे ऋण नऊ भागिले सोळा. तसेच नऊ भागिले ऋण सोळा. पहिल्या रूपाचे मूळ ३क/४. दुसऱ्याचे ३/(४क), अंश-छेदांना क ने गुणले की ते −३क/४ होते. एकाच संख्येच्या मुळाची ही दोन उत्तरे समान मानली तर क = −क, आणि क ने भागले की १ = −१! सारे अंकगणितच कोसळले.

दोष कुठे आहे? दोन्ही उत्तरांचा वर्ग −९/१६ च येतो. दोन्ही मुळे खरीच आहेत. चूक आहे ती त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह घालण्यात. ९ ची मुळे ३ आणि −३. त्यांतील धन मूळ √९ असे लिहायचे, हा आपला संकेत. धनाला धनाने गुणा किंवा भागा, उत्तर धनच येते. म्हणून अंश-छेदांची मुळे वेगळी काढली तरी तो संकेत मोडत नाही. पण क आणि −क यांत धन कोणते? कोणतेच नाही. एकाची निवड केली तरी भागाकारात ती टिकत नाही.

व्यवहारात उपाय सोपा आहे. आधी ऋणचिन्ह अंशाकडे आणावे, छेद धन ठेवावा, आणि मगच मूळ काढावे. मला यातून दिसते ते असे : नवी संख्या घरात घेता येते, पण जुने सगळे नियम तिच्यासोबत आपोआप येत नाहीत. प्रत्येक नियम का खरा होता, हे नव्याने तपासावे लागते. महावीराचार्यांनी ‘नाही’ म्हणताना कारण दिले होते. ‘आहे’ म्हणणाऱ्यानेही ते दिले पाहिजे.