ठोकळ्यांच्या शेतीची चौदा वर्षं

माइनक्राफ्टमध्ये शेती आली ती २०१० च्या फेब्रुवारीत. मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरचा हा खेळ तेव्हा अर्धामुर्धाच तयार होता. माती उकरायची, गहू पेरायचा, पिकला की हातानं कापायचा, एवढीच ती शेती. त्याच वर्षी जुलैत रेडस्टोन, म्हणजे वीज वाहून नेणारी लाल भुकटी, खेळात आली. मग शेत आपलं आपण चालावं, याचा खेळाडूंनी ध्यासच घेतला.

पहिला मार्ग पाण्याचा. वाहतं पाणी उभं पीक मोडून सोबत घेऊन जातं. सपाटीवर ते उगमापासून सात ठोकळे पुढे सरकतं, म्हणून वाफे त्याच मापानं आखले गेले, एकाखाली एक पायऱ्यांसारखे. खटका ओढला की सगळ्या पायऱ्यांवरचा गहू तळाशी गोळा!   खेळातल्या पाण्याची अडचण एकच होती: कापणी व्हायची, पण पेरणी पुन्हा हातानं करावी लागायची.

जून २०११ मध्ये पिस्टन, म्हणजे समोरचा ठोकळा ढकलणारे ठोकळे, आले आणि उसानं या अडचणीला बगल दिली. बुडखा ठेवून वरचा भाग ढकलला की ऊस पुन्हा फुटतो, पेरणीचा प्रश्नच नाही. २०१३ च्या मार्चमध्ये हॉपर आला, माल आपोआप पेटीत पडू लागला. तरी पिस्टन अजून घड्याळावरच चालायचे, ऊस वाढलेला असो वा नसो. नोव्हेंबर २०१६ मध्ये संगणकावरच्या मूळ आवृत्तीत ऑब्झर्व्हर मिळाला. समोरच्या जागेत बदल झाला की तो इशारा देतो. तिसरं कांडं फुटलं की त्याच क्षणी कापणी.

वाढ मात्र नशिबावर होती. हा खेळ सेकंदाला वीस ठोके घेतो. प्रत्येक ठोक्याला सोळा बाय सोळा बाय सोळाच्या खणातल्या तीन जागा यदृच्छेनं निवडल्या जातात आणि तिथं पीक असेल तर त्याला वाढीची संधी मिळते. एका जागेची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते. उसाला एका कांड्यासाठी अशा सोळा पाळ्या लागतात, म्हणजे सुमारे अठरा मिनिटं. काही कल्पक खेळाडूंनी पिस्टननं उसाखालच्या मातीची क्षणात अदलाबदल करून हे वाट पाहणंच मोडीत काढलं. ऊस भराभर वाढू लागला. ‘झिरो टिक’ नावानं ओळखली जाणारी ही पळवाट जून २०२० च्या १.१६ आवृत्तीत बंद झाली. बरंच झालं. ती राहिली असती तर वाढीचे नियम समजून घेण्याची गरजच कुणाला उरली नसती.

पेरणीचं कोडं सुटलं ते यंत्रानं नाही. सप्टेंबर २०१४ पासून खेळातला शेतकरी गावकरी पिकलेलं पीक कापून स्वतः पुन्हा लावू लागला. शिवाय जादा अन्न तो शेजाऱ्याकडे फेकतो. हे ओळखून खेळाडूंनी दोघांच्या मध्ये हॉपर बसवला आणि बटाटे वाटेतच पेटीत जाऊ लागले. गव्हासाठी याहून सुरेख युक्ती निघाली. गावकऱ्याच्या झोळीत आठ कप्पे असतात. ते सगळे बियाण्यानं भरून टाकायचे. मग तो गहू कापतो, लावतो, पण उचलायला त्याच्याकडे जागाच नसते. जमिनीखालच्या रुळांवर फिरणारी हॉपरगाडी तो गहू ओढून घेते. चौदा वर्षांतल्या सगळ्या रचनांमध्ये ही सर्वांत हुशार, कारण तिच्यात कुठलाही नियम मोडलेला नाही.

जून २०२४ च्या आवृत्तीत आपोआप वस्तू बनवणारा क्राफ्टर आला, तेव्हा हीच गाडी त्याला जोडली गेली: तीन गव्हांचा एक पाव, तोही कुणी हात न लावता. बी रोवणारा ठोकळा मात्र त्या आवृत्तीतही आला नाही. पेरणी अजून गावकऱ्याकडेच होती.