उघड्यावरचा धूर

एसटी स्टँडवर माझ्या नातीला खोकल्याची उबळ आली. शेजारी एक गृहस्थ विडी ओढत होते. ‘मामा, जरा विझवता का?’ मी म्हणालो. ‘उघड्यावर तर ओढतोय! त्रास होतो तर तुम्ही तिकडे बसा.’

श्रोतेहो, उघड्यावर धूर विरतो, हे खरे. पण हातभर अंतरावरच्या छातीत तो त्याआधीच शिरतो. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि २००१ साली मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न घटनेच्या कलम २१शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. २००३च्या कायद्यात मात्र ‘मोकळी जागा’ वगळलेली होती. २ ऑक्टोबर २००८पासूनच्या नियमांनी ती पळवाट बुजवली : रेल्वे स्थानक, बसथांबा, स्टेडियम यांना मोकळी जागा म्हणता येत नाही. तिथे ओढल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणजे उठायचे कोणी, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. पण मी कलम सांगितले नाही. ‘नाना, चला ना तिकडे,’ म्हणणाऱ्या नातीकडे फक्त बोट दाखवले. मामांनी विडी चपलेखाली विझवली. म्हणाले, ‘पोरीला पाणी पाजा.’