काळोख विकणारा वीजी

काळ्याकुट्ट रस्त्यावर मध्येच पांढरेफटक उजळलेले चेहरे: चाळीसच्या दशकातल्या न्यूयॉर्कची रात्र आज आपल्याला अशी आठवते, ती मुख्यतः वीजी या छायाचित्रकारामुळे. खरं नाव आर्थर फेलिग. जन्म १८९९चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतला. पोलीस मुख्यालयासमोरच त्याचं बिऱ्हाड होतं. गाडीत पोलिसांच्या बिनतारी संदेशांचा रेडिओ आणि डिकीत टाइपरायटर, सिगार, जादा मोजे असा सगळा संसार.

हातात ‘स्पीड ग्राफिक’ हा बोजड कॅमेरा. फोकस दहा फुटांवर, छिद्र एफ-१६, वेग सेकंदाचा दोनशेवा भाग. हे आधीच लावून ठेवलेलं. दहा फुटांवर जायचं आणि बटण दाबायचं. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटणार, लगेच बदलावा लागणार. त्या फ्लॅशचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो, त्यामुळे जवळचा चेहरा लख्ख आणि मागचं शहर गडप. रस्त्यावर दिवे असायचे, पण फोटोत ते जवळजवळ बुडायचे. म्हणजे तो गूढ काळोख बराचसा बल्बचाच!

‘द क्रिटिक’ हा त्याचा सर्वांत गाजलेला फोटो १९४३चा. ऑपेराला आलेल्या, हिऱ्यांनी मढलेल्या दोन श्रीमंत बायका आणि त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघणारी विस्कटलेली तिसरी. अचूक क्षण पकडला, असं वाटतं. पुढे त्याच्या सहायकानेच सांगितलं, की तिसरीला बावरी भागातल्या दारूच्या अड्ड्यावरून दारू पाजून मुद्दाम आणलं होतं. फोटो जबरदस्त आहे, पण सहज टिपलेला म्हणायला जीभ रेटत नाही.

थिएटरच्या अंधारात मात्र त्याने इन्फ्रारेड फिल्म वापरली. इन्फ्रारेड फ्लॅशचा उजेड डोळ्यांना जवळजवळ जाणवायचा नाही, त्यामुळे पडद्याकडे बघणाऱ्यांना पत्ताच नसायचा. त्या फोटोंतल्या चुंबन घेणाऱ्या जोडप्यांबद्दल मला जरा शंकाच येते. ती जोडपी फारच सोयीची बसलेली दिसतात. पण तोंड उघडं टाकून घोरणारा प्रेक्षक, खुर्चीत कलंडलेलं पोर यांना कोण शिकवणार? परवानगी अर्थात यांच्यापैकी कुणाचीच घेतलेली नव्हती.

वीजीचा संग्रह न्यूयॉर्कच्या ‘इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी’मध्ये आहे. कधी पाहायचा योग आला, तर आधी ते पेंगणारे प्रेक्षक बघा. ‘द क्रिटिक’ मागाहून.