तिसऱ्या उमेदवाराचा ताळेबंद

वाशिम जिल्ह्यातील वाशिम व कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशिम लोकसभा क्षेत्रात मोडतात, रिसोड मात्र अकोल्याच्या वाट्यास गेले आहे. आणि त्या अकोल्यात २०२४ साली भाजपचे अनुप धोत्रे ४,५७,०३० मतांनिशी विजयी झाले, काँग्रेसचे अभय पाटील ४०,६२६ मतांनी मागे राहिले व वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर २,७६,७४७ मते घेऊनही तृतीय ठरले. एवढ्या मतांच्या धन्यास कोणाची तरी ‘बी टीम’ म्हणून हिणवणे हा पराभूतांचा जुना शिरस्ता, परंतु २०१९ साली दुसरे स्थान आंबेडकरांचे व तिसरे काँग्रेसचे होते, तेव्हा कोणी कोणाची मते फोडली, हे आरोपकर्त्यांनीच सांगावे. अशा तिसऱ्या उमेदवाराच्या पडद्याआडच्या पाठीराख्यांचा माग काढू पाहणाऱ्यास दफ्तरात फारसे गवसत नाही : लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चास ९५ लाखांची मर्यादा असून निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दाखल करावा लागतो, पण पक्षाच्या खर्चास मर्यादाच नाही. हिशेबाबाहेरच्या खर्चाची आणखी एक वाट म्हणजे बातमीच्या वेषातील जाहिराती; त्यांचा बोभाटा राज्याच्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीत झाला. आता त्यांवर जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीची नजर असते.