बालातोनच्या तीरावर

हंगेरी देशाला समुद्र नाही. त्याची उणीव बालातोन सरोवर भरून काढते. लांबी सुमारे ७७ किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम ३ मीटर. खाजगी होड्यांना येथे तेलावरची इंजिने वापरण्यास बंदी असल्याने शिडांचेच राज्य आहे. उत्तर तीरावरील बालातोनफ्युरेद हे शिडांच्या होड्यांचे जुने माहेर. सरोवराला वळसा घालणारी सुमारे १५५ किलोमीटरांची ‘निळी फीत’ शर्यत १९३४ साली सुरू झाली.

ह्या गावी आम्हां भारतीयांना परके वाटत नाही. १९२६ साली आजारी रवींद्रनाथ ठाकूर येथील रुग्णालयात उपचारासाठी राहिले होते. त्यांनी लावलेल्या झाडापासून तीरावरून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

जवळच पाण्यात शिरलेल्या भूशिरावर तिहानीचा बेनेडिक्टाईन मठ उभा आहे. राजा पहिला आंद्राश याने तो १०५५ साली स्थापिला. त्याची समाधी मंदिराखालील तळघरात आहे. हंगेरीचा शेवटचा राजा कार्ल आणि राणी झिता यांना १९२१ च्या ऑक्टोबरात येथेच काही दिवस नजरकैदेत ठेवले होते. पुढल्याच वर्षी तो मदैरा बेटावर परागंदा अवस्थेत वारला. २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. १९५० साली साम्यवादी सत्तेने मठवासीयांना हुसकले. ती सत्ता गेल्यावर ते परतले.

परंतु आम्हांला सर्वांत मोलाची वाटली ती मठाची सनद. ती लॅटिनमध्ये आहे. मात्र जमिनींच्या हद्दी सांगताना लेखकाने वाटा, टेकड्या व पाणवठे लोकांच्याच बोलीतील नावांनी नोंदले. हद्द ओळखायची ती शेजारच्या शेतकऱ्याने. त्याला लॅटिन नाव काय कळणार? अशा रीतीने हंगेरियन भाषेचे अतिप्राचीन लिखित शब्द एका जमिनीच्या कागदात टिकून राहिले. मूळ सनद आज पान्नोनहाल्माच्या मठात जपलेली आहे.

वाचकहो, आपल्याही शेतांना, ओहोळांना, विहिरींना नावे आहेत. ती बहुधा वडीलधाऱ्यांच्या तोंडीच आहेत. सीमेवर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत मुले शाळेत एक भाषा शिकतात, घरी दुसरी बोलतात. अशा वेळी प्रथम हरवतात ती हीच नावे. आजोबा बसले असतील तेव्हा मुलांच्या हाती वही द्यावी. राजे गेले, सत्ता गेल्या; लिहिलेले शब्द मात्र राहिले.