नगरे वाढवावीत की नगर वाढवावे?

बुद्धिबळाचा डाव ३२ मोहऱ्यांनी सुरू होतो आणि पुढे त्यांची संख्या कमीच होत जाते. संस्कृती उभारण्याच्या संगणक-खेळांचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. तेथे आरंभी हाताशी असतात वसाहतकारांच्या एक-दोन तुकड्या आणि एक कोरा नकाशा. त्यातून नगरे, रस्ते, ग्रंथालये, सैन्य असा पसारा वाढवत न्यायचा असतो. जे थोडे उत्पादन हाती येते ते नवी नगरे वसवण्यात घालावे की आहेत ती नगरे सुधारण्यात, हा या खेळातील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर काढण्यासाठी शालेय अंकगणित पुरेसे आहे.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे सिड मायर यांचा १९९१ सालचा ‘सिव्हिलायझेशन’. त्याच धर्तीवर डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी ‘फ्रीसिव्ह’ हा खेळ रचला आणि १९९६ साली तो सर्वांना मोफत खुला केला. वेगवेगळ्या संगणकांवरील खेळाडूंना एकमेकांविरुद्ध खेळता यावे, हा त्यामागील हेतू होता. आपण त्याचेच रूढ नियम घेऊ.

पसरणे फायद्याचे का?

नकाशा चौकोनांचा असतो. एका नगराच्या आवाक्यात, मधला धरून, २१ चौकोन येतात. प्रत्येक नागरिक एका चौकोनावर राबतो आणि त्यातून अन्न, उत्पादन व व्यापार मिळतो. शिवाय नगर ज्यावर वसले तो मधला चौकोन माणूस न लावताच उत्पन्न देतो.

या शेवटच्या नियमाचा परिणाम मोठा आहे. समजा, आपल्याजवळ १२ नागरिक आहेत. ते एकाच नगरात राहिले तर १२ अधिक १, असे १३ चौकोन कसले जातील. तेच १२ जण बारा नगरांत एकेकटे राहिले तर प्रत्येक ठिकाणी दोन, म्हणजे एकूण २४ चौकोन कसले जातील! माणसे तेवढीच, पण उत्पन्न जवळजवळ दुप्पट. भरीस भर म्हणून लहान नगराला एक नागरिक वाढवण्यासाठी अन्नाचा साठाही कमी लागतो. म्हणून जाणते खेळाडू सुरुवातीला लहान लहान नगरे दाटीने वसवत सुटतात.

मग सुधारणा कशासाठी?

पसरण्याला खेळात तीन लगाम आहेत. पहिला, राजधानीपासूनचे अंतर. बहुतेक राज्यपद्धतींत नगर जितके दूर तितका त्याच्या व्यापारातील मोठा वाटा भ्रष्टाचारात जिरतो. दुसरा लगाम असंतोषाचा. नगरांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येक नगरात आणखी एक नागरिक नाराज होतो. ही मर्यादा राज्यपद्धतीनुसार बदलते. नाराजांची संख्या आनंदी नागरिकांहून जास्त झाली की नगरात बेबंदशाही माजते आणि कर व संशोधन थांबते. तिसरा लगाम सर्वांत साधा, तो म्हणजे जमीन संपते.

सुधारणांचे गणित वेगळे असते. ग्रंथालय बांधले की त्या नगराचे संशोधन ५० टक्क्यांनी वाढते. ही वाढ टक्क्यांत असल्यामुळे मोठ्या नगराला तिचा लाभ अधिक होतो आणि एकाच नागरिकाच्या वस्तीत ग्रंथालय जवळजवळ वाया जाते. न्यायालयामुळे भ्रष्टाचार घटतो. आठ नागरिकांपुढे नगर वाढायचे असेल, तर बहुधा पाणी आणणारा जलसेतू बांधावा लागतो. थोडक्यात, विस्ताराने नगरांची संख्या वाढते आणि सुधारणेने प्रत्येक नगराचे मोल वाढते.

कागदावरचा हिशेब

आता खेळ बराच सोपा करून एक हिशेब मांडू. डाव दहा कालखंडांचा आहे. प्रत्येक नगर एका कालखंडात तीनपैकी एकच काम करते: एक नवे नगर वसवते, किंवा स्वतःसाठी ग्रंथालय बांधते, किंवा ज्ञानाचा १ गुण मिळवते. ग्रंथालय असल्यास हा गुण १.५ होतो. जमीन फक्त आठ नगरांपुरती आहे. शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

पहिला खेळाडू एकाच नगरावर समाधान मानतो. पहिल्या कालखंडात ग्रंथालय आणि पुढील नऊ कालखंडांत ज्ञान, असे त्याचे १३.५ गुण होतात. दुसरा आधी पसरतो. तीन कालखंडांत १ ची २, २ ची ४, ४ ची ८ नगरे होतात. उरलेल्या सात कालखंडांत तो ५६ गुण मिळवतो. तिसराही तसाच पसरतो, पण चौथ्या कालखंडात आठही नगरांत ग्रंथालये बांधतो. उरलेल्या सहा कालखंडांत दर वेळी १२ याप्रमाणे त्याला ७२ गुण मिळतात.

चौथ्या खेळाडूचा डाव पाहण्यासारखा आहे. तो तिसऱ्याचीच सगळी कामे करतो, पण ग्रंथालयापासून सुरुवात करतो आणि मग पसरतो. आठ नगरे व्हायला त्याला चार कालखंड लागतात. पाचव्यात इतर सात नगरे ग्रंथालये बांधतात आणि पहिले नगर १.५ गुण मिळवते. उरलेल्या पाच कालखंडांचे ६० धरून बेरीज ६१.५ होते. कामे तीच, क्रम तेवढा उलटा. आणि नुकसान १०.५ गुणांचे!

यातून दोन नियम निघतात. पहिला नियम पुढच्या पावलाच्या लाभाचा आहे. एकूण किती नगरे आहेत यावर निर्णय अवलंबून नसतो. आता घातलेला एक कालखंड काय देईल, हे पाहायचे. चांगली जमीन मोकळी आहे तोवर नवे नगर दर कालखंडाला १ देते, ग्रंथालय ०.५ देते, म्हणून पसरावे. पण शेवटच्या मोकळ्या जागी वसणारे नगर दूर असल्यामुळे ०.४ च देणार असेल, तर तोच कालखंड ग्रंथालयाला द्यावा. दुसरा नियम उरलेल्या वेळेचा आहे. आठ नगरे झाल्यावर तीनच कालखंड उरले असतील, तर ग्रंथालयांशिवाय २४ गुण होतात आणि ग्रंथालये बांधूनही (१२ गुणिले २) २४ च होतात. तीनपेक्षा कमी कालखंड उरले असतील, तर ग्रंथालय बांधणे तोट्याचे.

खेळाचे रचनाकारही या समतोलाशी वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. ‘सिव्हिलायझेशन’च्या तिसऱ्या आवृत्तीत (२००१) त्यांनी भ्रष्टाचार कडक केला, चौथीत (२००५) तो काढून प्रत्येक नगराला देखभालीचा खर्च लावला, पाचवीत (२०१०) प्रत्येक नव्या नगरामुळे साऱ्या राज्याचा असंतोष वाढेल असे केले. नव्या नगराचा निव्वळ लाभ कधीतरी सुधारणेच्या लाभाखाली यावा, हाच प्रत्येक वेळचा हेतू.

खेळाबाहेर

हेच गणित निसर्गातही दिसते. ज्वारीचे ताट आधी पाने काढते आणि मग कणसाला लागते. पाने म्हणजे आणखी अन्न तयार करणारी यंत्रणा आणि दाणे म्हणजे अखेरचे गुण. डॅन कोहेन यांनी १९७१ साली गणिताने दाखवले, की हंगामाची लांबी ठरलेली असेल तर वार्षिक वनस्पतीने एका विशिष्ट क्षणापर्यंत सारी शक्ती वाढीत घालावी आणि त्यानंतर सारी बियांत, हे सर्वांत फायद्याचे. शिक्षणसंस्थेने नवी शाखा उघडावी की असलेल्या शाळेत प्रयोगशाळा उभारावी, हा प्रश्नही याच जातीचा. फक्त तेथे लाभ असा गुणांत मोजता येत नाही.

हा खेळ वर्गात आणताना एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी. खेळातला नकाशा आरंभी बराचसा रिकामा असतो, त्यामुळे विस्ताराची किंमत फक्त उत्पादनात मोजली जाते. युरोपीय वसाहतकार अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात गेले तेव्हा तेथील जमीन रिकामी नव्हती. तेथे आधीपासून राहणाऱ्या लोकांनी जे सोसले, त्याचा रकाना या हिशेबात नाही. गणित बरोबर असूनही ते काय मोजत नाही, हे विचारण्याची सवय या निमित्ताने लावता येईल.

वरील खेळ चौकटीच्या कागदावर चार गट करून एका तासिकेत खेळता येतो. मग एकेक नियम बदलून पाहावा. जमिनीची मर्यादा काढली तर काय होईल? (आठ किंवा नऊ कालखंड पसरत राहिल्यास ५१२ गुण होतात, आणि ग्रंथालय बांधावेसे वाटतच नाही.) डाव कधी संपणार हे फासा टाकून ठरवले तर? ग्रंथालयाने गुण दुप्पट केले तर? प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहून घ्यावा आणि नंतर हिशेब करावा.